तांदळातलं नाव

"या टकल्याला आत्ताच गिळायला जायचं होतं!"

सँडीफोर्डमधल्या वकिलाच्या बंद दारावर मी चक्क थाप मारली. दोनपर्यंत ते उघडणार नव्हतं, आणि तीनला टॅलाच्या हॉस्पिटलात माझी ड्युटी होती.

"टकले नाहीत हो ते. डोकं भादरतात," मागून आवाज आला. मराठीत!

मी गर्रकन वळले. जिन्याच्या पायरीवर एक उंच मुलगा सँडविच खात बसला होता. केसांतून पावसाचं पाणी ओघळतंय, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, आणि डोळ्यांत हसू... नको तेवढं.

"तुम्ही सगळं ऐकलंत?"

"शब्द न् शब्द. मी राजस. नोकरी चेरीवूडला, घर पुण्याला. पासपोर्ट वॉशिंग मशीनमध्ये धुऊन निघाला, त्याचं शपथपत्र करायचंय. तुमचं काय झालं?"

"मला माझ्याच मुलीची आई असल्याचं सिद्ध करायचंय," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं. शी! अनोळखी माणसासमोर. त्यानं उरलेलं अर्धं सँडविच पुढे केलं. आणि मी, डॉक्टर रुचा, ते खाल्लंसुद्धा!

तर झालं होतं असं. माझी सानिका आठ वर्षांची, नागपूरला माझ्या आईकडे. दोन वर्षं मी इथे परदेशात एकटी. तिला कायमचं इकडे आणायचं म्हणून मी व्हिसाचा अर्ज केला होता. घटस्फोटानंतर ताबा माझ्याकडे, गौरवची — म्हणजे तिच्या बाबांची — संमती जोडलेली, घराचा करार, नोकरीचं पत्र, सगळं चोख. आणि आज उत्तर आलं. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव वृंदा आहे, अर्जदार रुचा. तर तुमचं नातं काय? तीन आठवड्यांत पुरावा द्या, नाहीतर अर्ज नामंजूर.

वृंदा म्हणजे मीच हो! लग्नात गौरवनं तांदळाच्या ताटात अंगठीनं ते नाव लिहिलं, आणि सासरी मी वृंदा झाले. पदवी आणि पासपोर्ट रुचाच्या नावावर, जन्मदाखला आणि कोर्टाचे कागद वृंदाच्या. लग्नाची नोंदणी करू करू म्हणत राहूनच गेली.

"म्हणजे तू... तुम्ही दोघी आहात," राजस म्हणाला.

"चेष्टा सुचतेय?"

"घाबरलो की मी चेष्टा करतो. आणि 'तू' चालेल ना?"

चालेल म्हणाले मी. का, कोण जाणे.

वकीलसाहेब आले, दर वाक्याला "ग्रँड, ग्रँड" म्हणाले, आणि शेवटी कळलं की ग्रँड काहीच नव्हतं. डीएनएचा अहवाल मुदतीत येणं अवघड. नाव ज्यानं दिलं, त्यानंच शपथेवर लिहून द्यावं की दोघी एकच.

गौरव म्हणाला, "बघतो." बघण्यात अकरा दिवस गेले.

ते अकराही दिवस राजस ऑफिस सुटलं की बस बदलत बदलत टॅलाला यायचा. कागद स्कॅन करायचा, आईशी फोनवर बोलायचा, मला जेवायला लावायचा. फाईल घेताना त्याची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळायची... आणि मी ती रेंगाळू द्यायचे. पण दारातून पत्र पडल्याचा आवाज आला की मी हात मागे घ्यायचे.

रविवारी सकाळी गौरवचा फोन आला.

"पत्र हवंय ना तुला? देतो. एक सांग, तिथे कुणी आहे का तुझं?"

फोन स्पीकरवर होता, कारण माझे हात पोह्यांनी बरबटले होते. समोर राजस कांदा चिरत होता. त्याची सुरी थांबली.

'नाही' म्हणायचं. एवढंच! पण त्या आवाजातला तो मालकीचा सूर... त्यानं दिलेलं नाव मी पाच वर्षं निमूट लावलं होतं. आता त्याच्यासाठी खोटंही बोलायचं?

"आहे," मी म्हणाले. "माझं प्रेम आहे त्याच्यावर."

"मग पत्र त्याच्याकडेच माग." फोन बंद.

राजस कानापर्यंत लाल झाला. "रुचा... मला हे —"

"बोलू नकोस!" मी किंचाळले. काय करून बसले होते मी? दोन वर्षं पोर आजीच्या कुशीत 'आई कधी येणार' म्हणत झोपतेय, आणि मी इथे ताठ मानेनं खरं बोलत होते! "तू जा. सानिका आली नाही ना, तर मी तुझं तोंड बघणार नाही. माझं स्वतःचंही नाही."

तो दारापर्यंत गेला. तिथून म्हणाला, "तुझ्या लग्नाचा व्हिडिओ आहे का गं?"

"काय?"

"तांदळात नाव लिहिताना कुणीतरी शूटिंग केलं असेलच की."

आईनं दुसऱ्याच दिवशी दुकानातून कॉपी करून पाठवला. साडेपाच तासांचा! मला पाच मिनिटंही बघवेना. राजसनं रजा टाकली आणि अख्खा पाहिला. अधूनमधून त्याचे मेसेज येत होते. पहिला तास, नुसते आहेर. दुसरा तास, जिलेबी वाढणारे हात. मग बराच वेळ काही नाही. मी वॉर्डमध्ये एकाच पेशंटचा रक्तदाब तीनदा तपासला.

शेवटी फोन वाजला.

"सापडलं. ताट, अंगठी, अक्षरं, सगळं स्पष्ट. तिथून कॅमेरा सरळ तुझ्या चेहऱ्यावर येतो, मध्ये कुठे तोडलेलं नाही. गुरुजी म्हणतात, 'आजपासून रुचाची वृंदा झाली.' मी भाषांतर करून घेतो. आणि ते नाव वाचून तू मागे वळून बघितलंस गं. दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखं. मला... मला लॅपटॉप बंद करावासा वाटला. केला नाही."



मुदतीच्या आदल्या दिवशी सगळं रवाना झालं : व्हिडिओ, भाषांतर, आईचं आणि गुरुजींचं शपथपत्र. मग सहा आठवडे शांतता. मी राजसला फोन केला नाही. सानिका तिकडे अडकलेली असताना मी इकडे सुखी व्हायचं, हे मला जमेना. त्यानंही केला नाही. फार आठवण यायची... फार.

मंगळवारी राउंड चालू असताना ईमेल आला. मी औषधांच्या खोलीत शिरले, दार लावलं आणि मग उघडला. अर्ज मंजूर! मी जमिनीवर बसून हमसाहमशी रडले. मग नागपूरला फोन लावला.

"नक्की ना आई?" सानिका म्हणाली. "परत 'नाही' तर म्हणणार नाहीस ना?"

"नाही गं बाळा. नक्की."

ड्युटी संपल्यावर मी थेट चेरीवूड गाठलं. भुरभुर चालली होती. राजस ऑफिसातून बाहेर आला, मला पाहिलं आणि जागीच थांबला. चेहरा पांढराफटक.

"आधी सांग. काय झालं?"

"येतेय. चौदा तारखेला."

त्यानं डोळे मिटले आणि कठड्याला धरून नुसता उभा राहिला. माझा सगळा धीर तिथेच सुटला.

"राजस, ते मी गौरवला सांगितलं. तुला कधी सांगितलंच नाही."

"काय?" त्याला माहीत होतं. लबाड!

"माझं प्रेम आहे तुझ्यावर. ऐकलंस? आता हस नाहीतर रड, पण बोल काहीतरी."

"माझंही आहे. खूप." मग आवाज खाली आला. "पण मला भीती वाटतेय. तिला मी आवडलो नाही तर?"

"मलाही वाटतेय. तिला मीच परकी वाटले तर?"

त्यानं माझा ओला हात दोन्ही हातांत धरला. या वेळी मी तो मागे घेतला नाही.

"विमानतळावर येशील?"

"येऊ?"

"ये. पण मागे थांब. आधी तिला मी दिसले पाहिजे. मी एकटी."

"खांबाआड उभा राहतो," तो म्हणाला. "हाक मारलीस की पुढे येईन. आणि त्या दिवशी नाही मारलीस, तरी चालेल."