चिन्मयचं सामान

अस्वलकड्याचा माथा गाठायचा आणि चिन्मयचं सामान तिथे ठेवून यायचं, एवढ्यासाठीच ही मोहीम होती. हाताशी आलेला पोरगा तापाचं निमित्त होऊन गेला. तेराव्याला त्याचे कपडे, अंथरूण-पांघरूण दान द्यायची वेळ आली, तर त्याची आई जयमाला कपाटाला पाठ लावून उभी राहिली. "खामगावात कोनाच्या अंगावर त्याचा शर्ट दिसला, तं मी जित्ती राहीन काय?" मग कुणाची बिशाद! शेवटी चिन्मयचा मित्र प्रसेनजितने तोड काढली. सातपुड्यातल्या या कड्यावर चिन्मयचा भारी जीव होता. तिथेच नेऊ.

सॅक प्रसेनजितने भरली होती. जड ते तळाशी, चटकन लागेल ते वर, आणि अगदी वर दोर. पण वाटेत वरवट बकालला तो आणि चिन्मयचे वडील गोपाळ गाडीतून चहाला उतरले, तेवढ्यात जयमालाने ती रिकामी करून पुन्हा भरली. सामान भरावं तर तिनेच! कपड्यांच्या घट्ट गुंडाळ्या, बुटांत मोजे, मोज्यांत रुमाल. त्याचा एक धागाही मागे राहता कामा नये, हाच तिचा हट्ट होता.

सागाची वाळली पानं तुडवत तिघं नाल्यानाल्याने चढत होती. काट्यांनी हात ओरबाडले. एका वळणावर अस्वलाची ताजी विष्ठा दिसली, तेव्हा श्वास रोखून बराच वेळ दबून बसावं लागलं. पुढे खडकांच्या बेचक्यात डोह लागला, काळाशार, कडेला हातभर वाट.

शेवाळावरून गोपाळचा पाय सटकला. धप्प!

त्याला पोहता येत नव्हतं! पाण्याखालच्या एका दगडावर कसेबसे पाय टेकून तो हनुवटीपर्यंत बुडालेला. भोवती नुसता गुळगुळीत खडक.

"काकू, दोर कुठी हाय?" प्रसेनजित सॅक उपसत ओरडला.

जयमालाच्या तोंडचं पाणी पळालं. "गाडीत काढून ठेवला, बाबा. त्याचे बूट बसून नव्हते राह्यले."

"मी उतरलो तं दोघंबी आतच राहू! द्या, कपडे द्या!"

चिन्मयच्या शर्टाला तिने कुणाला पाणी लावू दिलं नव्हतं. आता तिनेच त्याला पीळ भरला, गाठ मारली, टोकाला वजन म्हणून बूट बांधला. फेकला! गोपाळने धरला. ओढ! चर्रर्र... शर्ट फाटला. गोपाळ पाण्याखाली गेला!

"शर्ट नोको, काकू! जाड द्या, जाड!"

जीन्स, चादर, जीन्स, गाठीला गाठ. गोपाळचं डोकं वर आलं. पुन्हा फेक. पुन्हा ओढ. हाताची सालटी निघाली, आणि गोपाळ काठावर येऊन पडला.

चादर फाटून लोंबत होती, एक बूट डोहाने गिळला होता. माथा मात्र समोर उन्हात लख्ख दिसत होता.

"काका कुडकुडून राह्यले. वर वारा हाय," प्रसेनजित हळूच म्हणाला.

जयमाला माथ्याकडे पाहून हमसून हमसून रडली. मग म्हणाली, "चला वापस."

सॅकमध्ये कोरडं आणि उबदार असं एक जाकीट तेवढं होतं. ती ते गोपाळच्या अंगावर चढवू लागली.

"नोको, जयमाला. त्याचं हाय ते."

"घाला म्हन्ते ना!"

तिने चेन गळ्यापर्यंत ओढली. गोपाळ खाली मान घालून पुढे चालू लागला. तेच खांदे, तीच डावीकडे झुकती चाल. हाक तिच्या ओठांवर आली आणि तिथेच मेली.

वाट अरुंद होती. तरी जयमाला काट्यांतून अंग काढत त्याच्यापुढे गेली. त्याच्यामागून चालणं तिला सोसवेना.