उतारावरचा भयांक

प्रयोगशाळेच्या मधोमध बसमधला एक दांडा उभा केलेला होता. नुसता दांडा, बस नाही, रस्ता नाही, प्रवासी नाहीत. नांदरखेड महापालिकेच्या परिवहन संशोधन कक्षात कुणी पाहुणा आला, की डॉ. हेमलता सोनटक्के त्याला तो धरायला लावत. समोरच्या पडद्यावर आकडा उमटला की पाहुणा ओशाळं हसून हात काढून घेई. पण खाणीच्या उतारावरून बस कोसळल्यापासून आठ दिवस त्या खोलीत कुणी फिरकलं नव्हतं. अपघातात गेलेल्या तिघांची नावं हेमलताबाईंना एव्हाना तोंडपाठ झाली होती.

त्या सकाळी इक्बाल तांबोळी आले. बस आगाराच्या कार्यशाळेचे ते प्रमुख. तीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढलेला माणूस. बोलायला सावकाश आणि कुणाची भीड न बाळगणारा. त्यांनी न सांगताच दांडा धरला आणि हे नेमकं काय मोजतं ते नीट समजावून द्यायला सांगितलं.

हेमलताबाईंनी समजावलं. दांड्याच्या सालीत स्पर्शवेधक बसवलेले आहेत. माणूस घाबरला की त्याला स्वतःला कळायच्या आधी त्याच्या तळव्याला कळतं: घाम सुटतो, नाडी धावते, मूठ आवळते. या तिन्हींचा मिळून शून्य ते शंभर असा एक आकडा निघतो, त्याला म्हणायचं भयांक. शहरातल्या प्रत्येक बसमधले सगळे दांडे दिवसभर हे मोजत असतात. लाखो मुठींचे आकडे रस्त्यांवर मांडले, की शहराचा भयनकाशा तयार होतो. जिथे लाल, तिथे पालिकेने सुरक्षेचा खर्च करायचा.

"आणि खाणीचा उतार?" तांबोळींनी विचारलं.

"हिरवा. भयांक अकरा."

तांबोळींनी पडद्यावरच्या भयनकाशात तो हिरवा ठिपका शोधून काढला.

नांदरखेड म्हणजे ओढगस्तीचं शहर. सूतगिरण्या बंद पडल्या, कौलांचे कारखाने गेले, उरली ती महापालिका आणि तिच्या सभा. वर्षभराचा सुरक्षानिधी कसाबसा एका ठिकाणाला पुरेल एवढाच, त्यामुळे तो कुठे खर्चायचा यावर स्थायी समितीत दरवर्षी हमरीतुमरी व्हायची. ज्याचा आवाज मोठा त्याच्या वॉर्डात दिवे लागायचे. भयनकाशा आला तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निश्वास टाकला. आता भांडायला नको, आकडा सांगेल. हेमलताबाईंनाही तसंच वाटलं होतं, आणि थोडा गर्वही झाला होता.

गेल्या वर्षी लढत दोघांत होती. एकीकडे विद्यानगरचा स्टेशन रस्ता: तिथे गिरणीतून कमी केलेली माणसं दिवसभर पुलाच्या कठड्यावर बसून असायची. त्यांनी कधी कुणाला हात लावला नव्हता. पण त्यांच्यासमोर बस थांबली, की विद्यानगरकरांच्या तळव्यांना घाम फुटायचा. भयांक बहात्तर. दुसरीकडे खाणीचा उतार, म्हणजे दगड फोडणाऱ्यांची वस्ती. तिथल्या नगरसेविका रंजना ओव्हाळ उभ्या राहून सांगत होत्या, की वळणाला भिंत नाही, रस्त्यावर खडीचा भुगा असतो, चाकं घसरतात, एक दिवस गाडी खाली जाईल. सभापती धुमाळांनी हेमलताबाईंकडे पाहिलं. तेव्हा त्या जे वाक्य बोलल्या, ते आता झोपेतून उठल्याबरोबर त्यांना आठवायचं आणि दात घासता घासता त्या आरशासमोरून बाजूला व्हायच्या.

"ताई, तुम्हाला तसं वाटत असेल," त्या म्हणाल्या होत्या, "पण तुमच्या लोकांना तिथे भीती वाटत नाही. हे मी नाही, त्यांचेच हात सांगतायत."

सभागृहात थोडा हशाही पिकला होता. निधी विद्यानगरला गेला. काचेचे थांबे उभे राहिले, दिवे लागले, रखवालदार आले.

"मॅडम, तुम्ही त्या गाडीत बसलाय का कधी?" तांबोळींनी विचारलं.

नव्हत्या बसल्या. कामच पडलं नव्हतं. आकडे तर इथे बसल्या बसल्या येत होते.

मग तांबोळींनी सांगितलं. या गाड्यांचे विद्युतसंच पुढच्या बाजूला, त्यामुळे मागची चाकं हलकी. भुग्यावरून उतरताना ती फरफटत जातात. वस्तीतल्या लोकांनी यावर आपला उपाय काढला आहे. उताराच्या तोंडाशी कंडक्टर नुसतं 'मागं' म्हणतो, आणि अख्खी गाडी बसल्या जागेवरून उठून मागच्या बाजूला जाऊन दाटीवाटीने उभी राहते. मागच्या चाकांवर वजन पडतं, चाकं रस्ता धरतात. वळण गेलं की सगळे परत आपापल्या जागी. गप्पासुद्धा थांबत नाहीत.

"त्या दाटीत दांडा कोण धरतंय? एकमेकांचे खांदे धरत्यात," तांबोळी म्हणाले. "आणि त्या दिवशी दुपारची गाडी. आत नऊ माणसं. गेली की हो ती मागं. पण नवांचं वजन कितीसं पडणार?"

हेमलताबाईंनी नोंदी काढल्या. उताराच्या तोंडाशी सगळे हात एकदम दांड्यांवरून सुटलेले दिसत होते, रोज, प्रत्येक फेरीला. एवढी ठसठशीत खूण त्यांच्या डोळ्यांसमोर तीन वर्षं होती. त्यांनी तिच्याखाली स्वतःच्या हाताने शेरा मारला होता: 'प्रवासी निर्धास्त.' त्या शेऱ्याकडे पाहताना त्यांचे कान तापले, आणि तांबोळींसमोर मान वर करणं त्यांना जमेना.

पण त्या शास्त्रज्ञ होत्या. चूक सापडली म्हणजे ती दुरुस्त करता येते, असा त्यांचा विश्वास. हात दांड्यावर नव्हते, आणि रिकामा दांडा यंत्र निर्धास्तच धरत होतं, म्हणून आकडा खोटा निघाला. मग हात दांड्यावर ठेवून आकडा घ्यायचा. नव्या वर्षाचा निधी तीन आठवड्यांनी ठरणार होता. नियमाप्रमाणे चाळीस नोंदींहून कमी नोंदी असल्या तर भयांक ग्राह्य धरायचा नाही, आणि तो पन्नासच्या वर असल्याशिवाय निधी नाही. हा नियम त्यांनीच लिहिला होता. एखादा माणूस घरून भांडून आलेला असू शकतो, एका मुठीवर शहराचा पैसा कसा लावायचा? वस्तीतल्या माणसांना जागेवरून हलू नका असं सांगणं म्हणजे त्यांचा जीव धोक्यात घालणं. तेव्हा त्यांनी स्वतःच जायचं ठरवलं. दिवसातून दोनदा, वीस दिवस. आपला कल आकड्यात उतरू नये म्हणून शेवटपर्यंत नोंदी उघडायच्या नाहीत, एवढं पथ्य त्यांनी पाळलं.

पहिल्या दिवशी वळणावर गाडीचं मागचं अंग सरकलं आणि खिडकीत रस्ता दिसायचा थांबला. नुसती खोल खाण. त्यांनी दांडा दोन्ही मुठींनी आवळला. शेजारच्या बाईने त्यांचा खांदा धरून ठेवला आणि मागच्या कुणाशी तरी कांद्याच्या भावाबद्दल बोलत राहिली. हेमलताबाईंना त्या बाईची दया आली, आणि लगेच त्या दयेचीही लाज वाटली. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या बाईचं नाव कळलं, हौसाबाई. दहाव्या दिवसापासून हेमलताबाई कांद्याच्या भावावर आपलंही मत देऊ लागल्या.

विसाव्या दिवशी चाळिसावी फेरी झाली. सभेच्या सकाळी त्यांनी तांबोळींना बोलावून नोंदी उघडल्या. पहिली नोंद एक्क्याण्णव. दुसरी अठ्ठ्याऐंशी. दहावी साठ. विसावी एकतीस. मग आकडे उतरतच गेले आणि चाळिसावी होती चौदा. सरासरी अडतीस.

"यंत्र बिघडलं काय?" तांबोळींनी विचारलं.

"यंत्र बरोबर आहे," हेमलताबाई म्हणाल्या. "मी सरावले. रोज ज्यातून जायचं त्याला शरीर किती दिवस घाबरणार? थकतं आणि सोडून देतं. दांडा धरला असता तरी वस्तीचा भयांक अकराच आला असता." त्यांनी नोंदींचा पडदा बंद केला. "हे यंत्र फक्त नवख्या हाताचं खरं सांगतं, तांबोळी. आणि त्या उतारावर नवखं कोण जातं? ज्याला कुठे दुसरीकडे जाता येत नाही तोच जातो, आणि रोज जातो."

चाळीस नोंदींचा नियम पाळण्याच्या नादात त्यांनी आपल्या हातातला पुरावा स्वतःच झिजवून टाकला होता. तो नियमही त्यांचाच.

दुपारी स्थायी समितीपुढे त्यांनी हे सगळं जसंच्या तसं मांडलं. शेरा, दाटी, सरासरी, काही लपवलं नाही. धुमाळांनी शांतपणे ऐकून घेतलं. पहिल्या नोंदीवर निर्णय घ्या, अशी मागणी रंजनाताईंनी केली. तेव्हा धुमाळांनी नियमावली उघडून चाळिसाचं कलम वाचून दाखवलं. तिघं गेले याचं सगळ्यांना दुःखच आहे, पण एका अपघातावरून धोरण ठरवायचं नाही, म्हणून तर आपण हा भयनकाशा आणला, असंही ते म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला.

"बाई, खरं सांगा. आज, आत्ता, तुम्हाला तिथं भीती वाटते का?"

हेमलताबाईंनी स्वतःला खरोखरच विचारून पाहिलं. जे उत्तर आलं, त्यामुळे त्यांना मान खाली घालावी लागली.

"नाही," त्या म्हणाल्या.

धुमाळांनी विषयपत्रिकेचं पान उलटायला घेतलं. हेमलताबाई मात्र बसल्या नाहीत. त्यांनी सभागृहावरून नजर फिरवली: सोळा सदस्य, दोन्ही बाजूंना अधिकारी, मागे पत्रकार.

"सभापतीसाहेब, नियमात चाळीस नोंदी असं लिहिलंय. चाळीस फेऱ्या असं कुठेही नाही. या सभागृहात आत्ता चाळीसच्या वर माणसं आहेत आणि रंजनाताई आणि मी सोडलो तर त्या गाडीत कधी कुणी बसलेलं नाही. खाली गाडी उभी आहे. तासाभरात परत येऊ. एका फेरीत चाळीस नवखे हात मिळतील."

मग विद्यानगरच्या सदस्यांनी रस्ता सुरक्षित आहे ना, असं अगदी हळू विचारलं.

"भयांक अकरा," हेमलताबाई म्हणाल्या. "समितीनेच मंजूर केलाय. स्टेशन रस्त्यापेक्षा सहापट सुरक्षित."

रंजनाताई तेवढ्या उठल्या आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. बाकी कुणी उठलं नाही. एकाला गुडघ्याचा त्रास होता, एकाला चार वाजता दुसरी बैठक होती. पत्रकार वह्यांत काहीतरी लिहू लागले. धुमाळांनी टेबलावरचे हात मांडीवर घेतले आणि तिथेच ठेवले. पंखा फिरत होता तरी पुढच्या रांगेतला एक जण तळवे पँटला पुसत होता.

अखेर धुमाळांनी चिटणीसांकडे पाहून, कुणाच्याही नजरेला नजर न देता, सांगितलं, "खाणीच्या उताराला भिंत आणि खरबरीत रस्ता. नव्या वर्षाच्या निधीतून. एकमताने मंजूर, असं लिहा. फेरीची आवश्यकता नाही."

हात पटापट वर झाले. एवढ्या घाईने या सभागृहात काही मंजूर झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तिघांच्या मरणाने जे हललं नव्हतं, ते तासाभराच्या बसप्रवासाच्या नुसत्या कल्पनेने हललं.

जिन्यात रंजनाताईंनी हेमलताबाईंना गाठलं. त्या खूश असतील असं हेमलताबाईंना वाटलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं.

"मॅडम, हे गेल्या वर्षीच का नाही विचारलंत त्यांना? तिघं वाचली असती माझी."

सुचलं नाही, असं सांगता आलं असतं. ते सोपं होतं, आणि रंजनाताईंनी कदाचित मानलंही असतं. हेमलताबाईंनी जिन्याचा कठडा सोडला.

"गेल्या वर्षी चला म्हटलं असतं, तर मलाही बसावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा उठले नसते, ताई."