चिखलातला खांब

आमच्या केळशेत बंदराला दोन मनोरे आहेत आणि त्यातला एक चुकीच्या जागी बांधलाय, असं माझं ठाम मत होतं. एक आहे डोंगरावर. ते बरोबरच. उंच वस्तू उंचावर ठेवली की लांबून दिसते, एवढं कुणालाही कळतं. पण दुसरा, जो त्याच्याहूनही उंच आहे, चांगला पंचाहत्तर मीटर, तो उभा केलाय खाजणात (म्हणजे भरतीचं खारं पाणी जिथं आत शिरतं त्या चिखलाच्या जमिनीत).

"एवढा उंच खांब करायचा आणि नेऊन खड्ड्यात रोवायचा? डोंगरावर जागा नव्हती का?" मी परकार आजोबांना दर शनिवारी विचारायचे. ते हसायचे आणि म्हणायचे, "हेमांगी, उत्तर सांगितलं तर तू यायची बंद होशील. तूच शोध."

इक्बाल परकार हे आमच्या रेडिओ केंद्राचे अभियंते. वय अठ्ठ्याहत्तर. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण केंद्रात दुसरं कुणी यायला तयार नाही म्हणून रोज सकाळी तेच कुलूप उघडतात. त्यांच्या सोबतीला खारू नावाचा एक यंत्रमानव आहे. तो खारीसारखा सरसर खांबावर चढतो, दिवे बदलतो, रंग देतो आणि खाली उतरून अहवाल सांगतो. स्वभावाने जरा घमेंडखोर आहे.

ही गोष्ट याच, म्हणजे २०४८ सालच्या ऑक्टोबरमधली. मी सातवीत आहे. त्या आठवड्यात सूर्यावर मोठा स्फोट झाला होता. तिथून येणाऱ्या कणांच्या माऱ्याने उपग्रह बिघडू नयेत म्हणून सगळे उपग्रह दोन दिवस झोपवून ठेवले होते. शाळेत आम्ही त्यावर टाळ्या वाजवल्या, कारण ऑनलाइन तास रद्द झाले. पण समुद्रावरच्या होड्यांचे फोनही उपग्रहांवरच चालतात. तेही मुके झाले. अशा वेळी तांडेलांनी (होडीच्या प्रमुखांनी) दर तासाला साधा रेडिओ लावायचा आणि केळशेत केंद्राचं हवामान ऐकायचं, असा नियम आहे.

माझी आई तांडेल आहे. तिला सगळे चंपाताय म्हणतात. तिची होडी 'कमळजा'. चार दिवसांपूर्वी ती आणि बंदरातल्या आणखी पाच होड्या खोल पाण्यात गेल्या होत्या, किनाऱ्यापासून एकशे दहा किलोमीटरवर.

शनिवारी सकाळी नऊ वाजता मी केंद्रात पोचले तेव्हा आजोबा माझ्याकडे न बघता ध्वनिक्षेपकात तेच तेच वाक्य वाचत होते. शहरातून जमिनीखालच्या तारेने निरोप आला होता. गुजरातकडे चाललेलं चक्रीवादळ रात्रीत आमच्याकडे वळलं होतं. अंधार पडता पडता ते किनाऱ्यावर येणार होतं. होड्यांना परतायला सात तास लागतात. म्हणजे फार तर अकरा वाजेपर्यंत त्यांनी तोंड फिरवायला हवं होतं.

"ऐकतील ना हो आजोबा?" मी विचारलं.

"ऐकतील. त्यासाठीच तर हे केंद्र आहे."

तेवढ्यात दामूमामा धापा टाकत आत आला. तो पन्नासेक किलोमीटरवर मासेमारी करून नुकताच परतला होता. "आजोबा, तुमचा रेडिओ मेलाय काय? चाळीस किलोमीटरच्या पुढं नुसती खरखर हाय. मी त्याच्या आत आलो तवा कुठं तुमचा आवाज लागला!"

चाळीस. आणि माझी आई एकशे दहावर.

आजोबांनी यंत्रावरच्या काट्याकडे बोट केलं. "हा दहावर हवा. महिनाभर एकवरच अडकलाय. मी शहरातल्या कार्यालयाला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं, यंत्र जुनं झालंय, नव्या वर्षात केंद्र बंदच करायचंय. पण यंत्र जुनं असलं तरी चांगलं आहे. खारू, खांब पुन्हा बघ."

"तीन वेळा बघितला," खारू म्हणाला. "टोकापासून पायापर्यंत एकही दोष नाही. माझ्या कामात चूक होत नाही."

आजोबा यंत्राचं दार उघडून आत टॉर्च मारू लागले. मला तिथं नुसतं उभं राहवेना. रडू आवरायचं तर काहीतरी बोलायला हवं होतं. म्हणून मी माझा नेहमीचाच प्रश्न चिडून विचारला, "डोंगरावर असता तर लांब ऐकू गेलं असतं! चिखलात कशाला रोवला?"

या वेळी आजोबा हसले नाहीत. हात चालू ठेवून त्यांनी सरळ उत्तर दिलं.

"डोंगरावरचा मनोरा दूरदर्शनचा होता. मी चौदा वर्षांचा होतो तेव्हा तो सुरू झाला. अख्ख्या गावात एकच टीव्ही, पंचायतीत. कौलांवर एक जण बांबूला बांधलेली अँटेना फिरवायचा आणि खालून दोनशे माणसं ओरडायची, आलं! गेलं! अरे आलं होतं, मागं फिरव! त्या लहरी आखूड असतात, तुझ्या हाताएवढ्या, फार तर तुझ्या दुप्पट. आणि आखूड लहरी टॉर्चच्या उजेडासारख्या नाकासमोर जातात. मध्ये डोंगर आला की अडल्या. पृथ्वी गोल आहे, म्हणून पंचवीस-तीस किलोमीटरवर जमीनच खाली वळते आणि लहर वरून निघून जाते. तिला शक्य तितक्या उंचावरूनच सोडावी लागते. पुढं घरोघरी केबल आली, मग डिशच्या छत्र्या, मग फोन, आणि तो मनोरा कावळ्यांना राहिला."

"आणि ही लहर?"

"ही मध्यम लहर. एका सेकंदात दहा लाख वेळा खालीवर होते आणि एकेक लहर तीनशे मीटर लांब. आपल्या शाळेपासून मच्छीबाजारापर्यंत एकच लहर, समज. एवढी लांब लहर जमिनीला धरून, तिच्या गोलाईबरोबर वळत जाते. तिला भूपृष्ठलहर म्हणतात (जमिनीच्या पाठीवरून सरपटत जाणारी लहर). कोरडी जमीन, खडक तिची ताकद खातात. खारं पाणी फारच थोडी खातं, कारण त्यातून वीज सहज वाहते. म्हणून समुद्रावर ती शेकडो किलोमीटर जाते. आता सांग, तिला डोंगराच्या खडकावर ठेवू की खाऱ्या चिखलात?"

मी दोन वर्षं ज्या खांबाला नावं ठेवत होते तो अगदी जिथं हवा तिथंच होता. एरवी मी आनंदाने उडी मारली असती.

"आणखी एक. डोंगरावर मनोरा म्हणजे नुसती शिडी. अँटेना तिच्या टोकाला. इथं हा अख्खा खांबच अँटेना आहे. म्हणून तर तो चिनी मातीच्या, वीज खाली न जाऊ देणाऱ्या ठोकळ्यावर उभा आहे आणि भोवती कुंपण आहे. लहरीच्या बरोबर पाव लांबीचा, तीनशेचा पाव पंचाहत्तर. खांबात वर धावणाऱ्या विजेला परत यायला वाट लागते. ती जमिनीतून मिळते. जमिनीने नीट साथ द्यावी म्हणून खांबाच्या पायापासून चहूकडे तारा पुरल्या आहेत, छत्रीच्या काड्या असतात तशा. एकशे वीस तारा. तुला जो दिसतो तो अर्धाच खांब आहे पोरी. उरलेला अर्धा जमिनीखाली."

"त्या तारा नसल्या तर?"

"मग ताकद चिखल तापवण्यात वाया जाते. उरलेली उलटी यंत्रात येते आणि यंत्र जळू नये म्हणून आपणहून आपली ताकद कमी..." आजोबा बोलता बोलता थांबले. त्यांनी एकवर अडकलेल्या काट्याकडे बघितलं.

मी पुढे झाले.

"आजोबा, त्या तारा तांब्याच्या असतात का? हिरव्या पडलेल्या? पेन्सिलीच्या निम्म्या जाडीच्या?"

"तुला कसं माहीत?"

सांगायचं नव्हतं, पण एकशे दहा किलोमीटरवर माझी आई होती. "गेल्या महिन्यात खाजणातलं पाणी काढायला गावाने चर खणला ना, कुंपणाला लागून? त्यात या तारांची टोकं वर आली होती. आम्हाला वाटलं, जुनं भंगार. आम्ही पोरांनी ओढून काढल्या. चाळीसेक. बंदरावर सगळ्यांनी जाळी वाळत घालायला बांधल्यात. सगळ्यात लांब तार आमच्या दारात आहे. ती मी बांधली, आईला बरं पडेल म्हणून."

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. पण आजोबा खारूकडे वळले. "दिव्याखाली अंधार! आम्ही महिनाभर वर बघत बसलो. खारू, तू खाली का नाही बघितलंस?"

"जमिनीखालचा भाग माझ्या यादीत नाही," खारू म्हणाला, पण या वेळी जरा हळू आवाजात.

दहाला वीस मिनिटं कमी होती. मी आणि दामूमामा बंदराकडे सुटलो. मी जन्मात एवढी ओरडले नव्हते. "जाळी उतरवा! तारा काढा! होड्यांना निरोप पोचत नाय!" बंदरावरच्या बायकांनी कारण नंतर विचारलं, आधी हात चालवले. शेवंतीमावशीचं नवंकोरं जाळं चिखलात पडलं तरी ती तार सोडवत राहिली. तिचा नवरा त्याच सहा होड्यांतल्या 'शांतादुर्गा'वर होता. पंधरा मिनिटांत त्रेचाळीस तारा जमल्या आणि त्या खांद्यावर घेऊन अख्खं बंदर खाजणात धावलं.

"यंत्र बंद केल्याशिवाय कुणी कुंपणाच्या आत पाय टाकायचा नाही!" आजोबा ओरडले. त्यांनी मोठा खटका खाली ओढला. केळशेत केंद्र गप्प झालं. जो थोडाफार आवाज जात होता तोही थांबला, आणि मला ती शांतता सहन होईना.

पुरायला वेळ नव्हता. तारा जमिनीवरच पसरायच्या, चरावरून बांबूच्या आधाराने पलीकडे न्यायच्या असं ठरलं. बायका तारा ताणून धरत होत्या. खारू गुडघाभर चिखलात बसून एकेक तुटकं टोक शोधायचा, घासून चकचकीत करायचा आणि परत आणलेल्या तारेला जोडायचा. "एक. दोन. तीन." शेवटी तो म्हणाला, "त्रेचाळीस. ही नोंद मी यादीत घातली आहे."

अकराला पाच कमी. आजोबांनी खटका वर केला. काटा हलला. दोन. चार. सहावर क्षणभर अडखळला. मग सात, आठ, आणि नवाच्या पुढे जाऊन थांबला. दामूमामाने मला उचललंच!

आजोबांनी ध्वनिक्षेपक माझ्यापुढे सरकवला. "तू बोल. दोन दिवस खरखर ऐकून तांडेल कंटाळले असतील. ओळखीचा आवाज आला तर कान टवकारतील."

"पण माझा आवाज एवढ्या लांब..."

"आवाज हाकेच्या पलीकडे जात नाही. तो आपण लहरीवर चढवतो. तिला वाहक लहर म्हणतात (ओझं वाहून नेणारी लहर). तुझा आवाज चढला की लहर उंच होते, उतरला की ठेंगणी. तिकडचा रेडिओ तो चढउतार वाचून पुन्हा आवाज करतो. तुझा शब्द आईपर्यंत पोचायला सेकंदाचा दोन हजारावा भागही लागणार नाही. बोल!"

मी बोलले. आजोबांचा कागद मी बघितलाच नाही. "आये, मी हेमी बोलतंय. ऐक गो, तुफान आपल्याकडं वळलाय. रातच्या आधी बंदराला लागेल. सगळ्यांनी आताच फिरा. जाळी राहिली तर राहू दे. आये, फिर गो!" हेच मी पुन्हा पुन्हा बोलत राहिले, घसा बसेपर्यंत.

रेडिओत एकच वाईट गोष्ट आहे. समोरचा ऐकतोय की नाही हे कळत नाही. होड्यांवर बोलायचे लहान संच असतात, पण त्यांच्या लहरी आखूड, त्या नाकासमोरच जाणार. मग आजोबांनी मला आणि खारूला डोंगरावर पाठवलं. संच माझ्याजवळ ठेवून खारू त्याला तारेने जोडलेली अँटेना घेऊन कावळ्यांच्या मनोऱ्यावर चढला. तो जेवढा उंच, तेवढ्या लांबच्या होड्या ऐकू येणार, हे आता मला कुणी समजावायची गरज नव्हती.

चार वाजता पहिला आवाज आला. मग दुसरा, तिसरा, चौथा. चार होड्या परत येत होत्या. त्यांत 'कमळजा' नव्हती.

"चंपाताय पहिलीच फिरली होती," एक तांडेल सांगत होता, "पण 'शांतादुर्गा'चा रेडिओ भिजलेला. त्यांना काय ठावंच नाय. ती त्यांना आणायला उलटी गेली."

मी मनोऱ्याच्या पायाशी बसून राहिले. वारा वाढला, समुद्र काळा पडला. शेवंतीमावशी डोंगर चढून आली आणि माझ्या शेजारी बसली. साडेपाचला संच खरखरला.

"केळशेत, केळशेत. 'कमळजा' आणि 'शांतादुर्गा', दोन्ही होड्या, अकरा माणसं, सगळी बरी हाय. तासाभरात बंदराला लागतो."

शेवंतीमावशीने पदर डोळ्याला लावला. मी संचावर झडप घातली आणि रडत रडत सगळं कबूल करून टाकलं. तारा, चर, दारातली जाळी, सगळं.

"हेमे," पलीकडून आई म्हणाली, "ती तार चांगली हाय म्हणून पाच घरी सांगत मीच फिरले होते. रडतंस कशाला? पुरायच्या तर दोघी मिळून पुरू. किती खोल जातात ते तेवढं त्या म्हाताऱ्याला विचारून ठेव."

वादळ आलं आणि गेलं. कौलं उडाली, माणूस एकही गेला नाही. केंद्र बंद करायचं पत्र मागे घेतलं गेलं, आणि शहरातून दोन तरुण अभियंते खाजणातला चिखल बघायला येणार आहेत. किनाऱ्यावर असे आणखी आठ खांब उभे करायचे चाललंय, आणि मी मोठी होईन तेव्हा त्यातला एक माझ्या ताब्यात असेल.

पण ते पुढचं. पुढच्या रविवारी पहाटेच भरती ओसरली तेव्हा आई फावडं घेऊन चिखलात उतरली होती आणि वळून मला हाक मारत होती, अगदी साध्या, हाकेच्या अंतरावरच्या आवाजात.