भिंतीवरचं तिरपं नाव

"माझ्या जित्या पोराला भिंतीवर कुणी मारलं, तेवढं शोधा!" दोन्ना नुन्सिया अग्रिपिनाबाईंच्या उंबऱ्यातच मटकन बसली.

तिचा रेनातो होडी घेऊन गेला, तो परतलाच नव्हता. सिसिलीच्या त्या कोळीगावात मयत झालं की घराच्या दाराचं एक कवाड मिटतात. नुन्सियानं दोन्ही सताड उघडी ठेवली होती. आणि आज देवळाच्या भिंतीवर काळ्या चौकटीचा कागद: रेनातो वारला. खाली घरच्यांची नावं नाहीत.

अग्रिपिनाबाईंनी जपमाळ पुरी केली. हरवलेलं शोधून देणं हाच त्यांचा धंदा. दीर कालोजेरोला घेऊन त्या निघाल्या.

"वहिनी, नाव काय देखणं छापलंय! जाड, तिरपं, वारा भरलेल्या शिडासारखं," कालोजेरो म्हणाला.

"तेच खटकतंय. मेलेल्याचं नाव उभ्या अक्षरांत असतं. तिरपी अक्षरं लग्नाला नि जत्रेला."

शेजारीच जत्रेचा ताजा कागद होता. तिरप्या ओळीत एकच 'आर' ताठ उभा, नाचात शिपाई घुसावा तसा. कालोजेरो खो खो हसला. बाई हसल्या नाहीत.

रेनातोचा चुलतभाऊ तुरी जाळं विणत होता.

"रेनातो गेला तर होडी तुझी म्हणे?"

"होडी तरी कुठं परत आलीय, बाई? समुद्र घेऊ का वाटणीला?"

छापखान्याचा मालक जेसुआल्दो भडकला. "तिरप्या अक्षरांत मयत? मी पितो, पण एवढी नाही! तो मोठा तिरपा लाकडी 'आर' एकच होता. रेनातोच्या लग्नाचं पत्रक छापलं, तेव्हापासून गायब. उंदरांनी नेला."

ते पत्रक छापखान्याच्या भिंतीवरच होतं. बाईंनी ते उतरवलं नि देवळावरून काढून आणलेला मयताचा कागद त्याच्यावर धरून उजेडात पाहिला.

"किल्ली कुणाकडे?"

"माझ्याकडे नि अगाताकडे. अक्षरांचे खिळे तीच जुळवते. रेनातोशी ठरलेल्या स्वतःच्या लग्नाचं पत्रकही तिनंच जुळवलं, बिचारीनं."

अगाता मान खाली घालून अक्षरं पुसत होती. एप्रनचा खिसा जड होऊन लोंबत होता.

"मी कशाला छापू? मीच त्याची वाट बघतेय."

संध्याकाळी बाईंनी नुन्सियाला छापखान्यातच बोलावलं.

"छापून झालं की अक्षरं सुटी करून खणात टाकतात. पण दोन्ही कागदांवर नावातल्या अक्षरांमधल्या फटी केसाइतक्याही बदललेल्या नाहीत. हे नाव कुणी सुटं केलंच नाही, बांधून ठेवलं. म्हणून जत्रेला तिरपा 'आर' मिळाला नाही."

"पण जपणारीच त्याला मारेल कशाला?" कालोजेरोनं विचारलं.

"आशा होती तोवर जपलं, भावोजी. अगाता, काय मिळालं तुला?"

अगातानं खिशातून सुतळीनं बांधलेलं नाव काढलं. मग मरियमचं एक लहानसं पदक.

"पलीकडच्या गावच्या कोळ्यांच्या जाळ्यात... त्याच्यासोबत आलं, गळ्यातच. त्यांनी तिथंच पुरलं त्याला. तुमच्याकडे यायचा त्यांना धीर झाला नाही, आई. मलाही झाला नाही. रोज तुमच्या उघड्या दारावरून जात होते. शेवटी भिंतीवर लावलं."

"मग उभ्या अक्षरांत तरी छापायचंस," जेसुआल्दो पुटपुटला.

"जुळवून पाहिलं. तो रेनातो वाटेना."

नुन्सियानं ते बांधलेलं नाव ओटीत घेतलं. आणि ती घराकडे निघाली. दाराशी कालोजेरो कवाड मिटायला पुढं झाला, तसं तिनं त्याला हातानं अडवलं.

"राहू दे, बाबा. मीच उघडं ठेवलं होतं."

आणि तिनं एक कवाड ओढून घेतलं.