उतरलेलं झबलं

ईश्वरी दवाखान्यात झबलं परत करायला आली होती. नऊ दिवसांची लेक गेल्यावर तिला ईश्वरीच्या हातात देताना सिस्टरने ते काढून घ्यायला हवं होतं, पण तिचा हात पुढे झाला नव्हता. तीन दिवस ते ईश्वरीच्या उशाशी होतं.

दिसायला साधं, फिकट पिवळं. आतला पातळ थर बाळाची छाती बाहेरून हलकेच ओढून धरायचा, की हवा आपोआप आत जायची. घशात नळी नाही, नाकावर मुखवटा नाही. श्वास घ्यायच्या क्षणभर आधी बाळाचा कुठला स्नायू हलतो, हे कापड शिकायचं आणि नेमकी तेव्हाच मदत करायचं. शिकायला दोन दिवस लागत. परत आलेलं झबलं ऊन पाण्यात बुडवलं की सगळं विसरायचं.

"बुडवू नका," ऊन पाणी काढणाऱ्या सिस्टरला मागून डॉ. मुलाणी म्हणाल्या. त्यांनी ईश्वरीला बाजूला घेतलं. "सकाळी एक मुलगा आलाय. तुमच्या मुलीसारखाच दिवस भरायच्या आधी जन्मलेला, तेवढंच वजन. कोरं झबलं घातलं, तर ते वेळ चुकवतं आणि तो त्याच्याशी झगडून दमतोय. दोन दिवस त्याच्याकडे नाहीत. तुमच्या मुलीचा श्वास कधी कमी पडला नव्हता. ती गेली रक्तातल्या जंतूंनी. हे झबलं न पुसता त्याला घालू का?"

"मग तिचं त्यातलं...?"

"ते हळूहळू त्याचं होईल. परवापर्यंत."

ईश्वरीने पिशवी पुढे केली.

मुलाची आई अजून शुद्धीवर नव्हती. सही आजीची, वैशालीबाईंची लागणार होती. त्यांनी झबलं बोटांनी चाचपलं.

"दुसऱ्या लेकराच्या अंगचं उतरलेलंच घालावं पहिल्यांदा, नवं घालत नाहीत आमच्यात. पण खेळत्या लेकराचं पायजे. कुणाचं हाय हे?"

डॉक्टर बोलायला गेल्या आणि अडखळल्या.

"माझ्या मुलीचं," ईश्वरी म्हणाली.

"कुठंय ती?"

"घरी."

"दूध पिती?"

"पिते. रडतेही फार. शेजारचे वैतागलेत."

"वैतागू दे. त्यांची काय मुकी जन्मली व्हती?" वैशालीबाई पहिल्यांदाच हसल्या. "नाव काय ठिवलं?"

बारसं झालंच नव्हतं. कागदोपत्री ती 'ईश्वरीचे बाळ' होती. नवऱ्याने एक नाव जुनाट म्हणून हसण्यावारी नेलं होतं.

"केतकी."

"झ्याक हाय," म्हणत त्यांनी सही केली.

डॉक्टर ईश्वरीकडे न बघता आत गेल्या.

काचेपलीकडे मुलाच्या निळसर ओठांवर रंग यायला बराच वेळ लागला. मग छाती हलू लागली. दोन आखूड श्वास, एक लांब, त्याच्या शेवटी अडखळल्यासारखी बारीकशी उचकी. ईश्वरीने कठडा घट्ट धरला. हे ती नऊ दिवस मोजत बसली होती.

"बघा की, कसा घेतोय," वैशालीबाई तिच्या खांद्याला धरून म्हणाल्या. "तुमच्या केतकीचा हात लागला."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. नवऱ्याला सांगितलं, कागद राहिलेत. उचकी होती, पण दर श्वासाला नाही. तिने मोजलं, दहातून चार. मुलगा रडला, तेव्हा आवाज काचेबाहेर आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती काचेपाशी तासभर उभी राहिली. श्वास सरळ चालला होता, एकसारखा, त्याचा स्वतःचा. तिने दोनशेपर्यंत मोजलं. मग पुन्हा पहिल्यापासून.

"आता भ्या नाही म्हणाल्या डॉक्टरीणबाई," वैशालीबाईंनी डबा उघडून तिच्या हातात लाडू ठेवला. "बाळंतिणीनं उपाशी उभं राहू नये. बसा इथं."

ती बसली. तिच्या ब्लाउजवर दुधाचा ओला डाग पसरत होता. वैशालीबाईंनी तो पाहिला आणि पदर नीट करून दिला.

"येळ झाली वाटतं तिची. आणि आज काय करतीय आमची केतकी?"