मागे नेलेलं मशीन

संगणकवर्गाच्या पहिल्याच दिवशी तो चुकून तिच्या खुर्चीत बसला.

"ही माझी जागा आहे," ती म्हणाली.

"मग माझी कुठली?"

"जिथून फळा दिसतो ती."

"इथून बरंच काही दिसतंय की..." तो बोलून गेला आणि स्वतःच गोरामोरा होऊन मागच्या टेबलाकडे पळाला. त्याच्या बोटांना शाई होती. छापखान्याच्या मालकाने त्याला लिनक्स ही संगणकप्रणाली शिकायला धाडलं होतं. वर्ग त्याला 'शाईवाले' म्हणू लागला. तीही म्हणायची, पण मनातल्या मनात.

लॅब तिच्या ताब्यात होती. एकाच दणकट संगणकाच्या पोटात सगळ्यांची व्हर्च्युअल मशीन्स, म्हणजे प्रत्येकाचा आभासी संगणक, नांदायची. सकाळी ती प्रत्येकाचा स्नॅपशॉट घ्यायची, झोपून उठलेल्या बाळाचा फोटो घ्यावा तसा. मग मुलांनी हवा तो धिंगाणा घालावा. जेवणाच्या सुट्टीत ती सगळी मशीन्स त्या फोटोवर मागे न्यायची, की मधलं सगळं पुसलं जाऊन ती दुपारच्या तुकडीसाठी पुन्हा न्हाऊमाखू घातल्यासारखी स्वच्छ.

शाईवाल्यांचं मशीन मात्र रोज कुरकुरायचं. ती वाकून बघायची, वेणी टेबलावर यायची, आणि तो श्वास रोखून बसायचा.

"तुम्ही आलात की हे मुकाट चालतं. माझ्याशीच वाकडं आहे त्याचं."

"गोड बोलत नसाल त्याच्याशी."

"एका वेळी एकाशीच जमतं हो मला..."

घरी वहिनी विचारायची, "जेवताना कुणाकडे बघून हसतेस गं? भिंतीकडे?"

आज प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाकीच्यांचं तपासून झालं, एकट्या त्याचं थोडं राहिलं. "जेवून या, उरलेलं मग करा," म्हणून शिकवणारे सर निघून गेले. ती जेवली नाही. तिची नोकरी अजून कच्ची होती, कायम करायचं की नाही ते सर याच आठवड्यात ठरवणार होते. त्या काळजीत हात सवयीने चालला... सगळी मशीन्स निवडली, बटण दाबलं.

आणि मग लक्षात आलं. सगळी म्हणजे त्याचंही.

दार उघडलं. तो दोन कप कॉफी घेऊन उभा होता. "तुम्ही जेवला नाहीत ना?"

"तुमचं काम गेलं," ती म्हणाली. "मी... मागे नेलं मशीन."

त्याने कप खाली ठेवले. "सरांना सांगू नका. माझ्याच हातून पुसलं गेलं म्हणतो मी."

"आणि नापास झालात तर?"

"मालक बोलेल दोन शब्द. माझी नोकरी पक्की आहे, तुमची नाही."

सर आले. त्याने तोंड उघडण्याआधीच ती उभी राहिली. "सर, चूक माझी आहे." आणि सगळं सांगून टाकलं.

सरांनी चष्मा पुसला. फार वेळ पुसला. "वेळ वाढवून मिळणार नाही," ते त्याला म्हणाले. मग तिच्याकडे वळून, "तुम्ही तिथे बसा, त्यांच्याजवळ जायचं नाही."

तो पुन्हा पहिल्यापासून करू लागला. मध्येच अडला. काय चुकलंय ते तिला लांबूनही दिसत होतं — एक फाइल उघडायची परवानगी द्यायची राहिली होती. त्याने मान वर केली... तिने घाईने खिडकीकडे पाहिलं, चेहऱ्यावरून उत्तर कळू नये म्हणून. कीबोर्ड थांबला. तिने डोळे मिटले.

मग पुन्हा टकटक सुरू झाली.

सरांनी तपासलं. "काठावर. पण पास." मग तिच्याकडे वळून, "यापुढे माणसाला विचारल्याशिवाय मशीन मागे न्यायचं नाही."

यापुढे! म्हणजे नोकरी राहिली होती.

सर गेल्यावर तो दारात घुटमळला. "नापास झालो असतो तर पुढच्या तुकडीत आलो असतो. आता इथे यायला काही कारणच उरलं नाही..."

"कारण लागतं?"

"तुम्ही बोलवलंत तर नाही लागणार."

ती पडद्याकडे वळली. बाकीची मशीन्स दुपारीच मागे गेली होती. त्याच्या मशीनवर येऊन बोट थांबलं.

"नेऊ का?" तिने मागे न पाहता विचारलं.

"न्या," तो म्हणाला. "आणि लवकर या. मी खाली थांबतो."