विषम मजल्यांची लिफ्ट

लिफ्टचं दार मिटता मिटता योरीन आत शिरली. वाऱ्याने विस्कटलेले केस सावरले, तर समोर एक उंच मुलगा… खांद्यावर बटाट्यांचं पोतं!

"एक, तीन, पाच…" तिने बटणं वाचली. "सम मजल्यांवर भुतं राहतात वाटतं?"

"माणसंच राहतात. पण लिफ्ट एकाआड एक थांबते. त्यांनी एक जिना चढायचा."

"या आर्किटेक्टला एकदा खोकी घेऊन चढवायला हवं."

"तू कोण गं एवढी?"

"होणारी आर्किटेक्ट. अकराव्यावर खोली बघायला आलेय."

तो हसता हसता थांबला. "अकराव्यावर… मी राहतो. नाव टायमन."

उत्रेख्त शहरात दोन महिने ती मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपत होती, आणि शनिवारी तो सोफाही जाणार होता. इथे खोली कुणाला द्यायची, हे मजल्यावरचे नऊजण मिळून ठरवायचे. एकाचाही नकार आला की संपलं.

"चूल लिफ्टसमोरच," अकराव्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात ती सगळ्यांना म्हणाली. "येणारा आधी जेवणारच. आखणाऱ्याला माणसं कळत होती."

"मघाशी तर त्याला शिक्षा देत होतीस!" टायमन बटाटे कुस्करत म्हणाला.

"लिफ्टसाठी शिक्षा, चुलीसाठी माफी."

सगळे खो खो हसले. वाफेआडून तो मात्र बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. आठ होकार, एक नकार. टायमनचा!

ती तडक वर आली. तो भांडी घासत होता.

"काय खोट दिसली माझ्यात?"

त्याने साबणाने माखलेलं बोट फ्रिजवरच्या नियमांच्या कागदाकडे केलं. 'एका चुलीवर जेवणाऱ्यांनी एकमेकांच्या प्रेमात पडायचं नाही.'

योरीनचे कान तापले.

"छप्पर माझं जातंय, आणि तू परस्पर प्रेमात पडतोस? विचारायचंस तरी!"

"चुकलंच… बाराव्यावर एक खोली सुटतेय. तिथली चूल वेगळी. तुझं नाव सांगून आलोय. आज संध्याकाळी सहाला बोलावलंय."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"माझी खोली तू घे. मी सोफा शोधतो."

"राहू दे. मी बोलल्यावर नाही कोण म्हणतंय? एक तू सोडून!"

शनिवारी अकराव्यावर लिफ्ट उघडली. टायमन दारातच होता. तिने सगळ्यात जड खोकं त्याच्या हातात ठेवलं.

"चढ. आर्किटेक्टची शिक्षा तुला."

"किती दिवस?"

दोन पायऱ्या चढून ती वळली. आता दोघांचे डोळे अगदी समोरासमोर… खोक्यावरून वाकून तिने त्याच्या गालावर ओठ टेकले.

"जिना चांगला आखलाय, हं," ती म्हणाली.